आधी नाव सांभाळा, मग साइट

स्वतःची वेबसाइट नुकतीच सुरू केलेला माणूस सुरक्षेचा विषय निघाला की आधी एखादं प्लगइन शोधतो. ते बसवतो, पडद्यावर हिरवी खूण दिसते आणि काम झालं असं वाटतं. मी सुरुवात नेमकी दुसऱ्या टोकाकडून करायला सांगेन. साइटवरचा मजकूर उडाला तर बॅकअपमधून परत आणता येतो. होस्टिंग कंपनी बंद पडली तर साइट दुसरीकडे उभी करता येते. डोमेन, म्हणजे साइटचं इंटरनेटवरचं नाव, मात्र एकदा दुसऱ्याच्या ताब्यात गेलं की परत मिळवायला पुरावे गोळा करावे लागतात, पत्रव्यवहार करावा लागतो, आणि एवढं करूनही ते मिळेलच याची खात्री नसते. त्यात तुमचा ईमेल त्याच डोमेनवर असेल, तर तो पत्ता जिथं जिथं दिलाय ती प्रत्येक खाती धोक्यात येतात.

मे 2022 मध्ये पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या ‘सीटीएक्स’ नावाच्या एका जुन्या पॅकेजचं (इतरांना वापरायला ठेवलेल्या तयार कोडचं) असंच झालं. ते सांभाळणाऱ्याच्या ईमेलचं डोमेन मुदत संपून मोकळं झालं होतं. कोणीतरी ते रीतसर नोंदवलं, त्यावर मेल सुरू केला, पॅकेजच्या खात्यावर ‘पासवर्ड विसरलात?’ दाबलं आणि आत शिरून माहिती चोरणारा कोड घुसवला. पासवर्ड फोडावा लागला नाही की कुठल्या सर्व्हरमध्ये भोक पाडावं लागलं नाही. नाव हातात आलं तेवढं पुरलं.

म्हणून इथला क्रम असा आहे: आधी ईमेल, मग रजिस्ट्रारचं खातं, मग डीएनएस, मग सर्टिफिकेट (साइट खरंच त्या नावाची असल्याचा डिजिटल दाखला) आणि शेवटी प्रत्यक्ष साइट. वरची पायरी कच्ची असेल तर खालच्या पायरीवर घेतलेली मेहनत वाया जाते, त्यामुळे क्रम मोडू नका.

पायरी 1: कोण काय सांभाळतंय ते लिहून काढा

नवख्या माणसाला बहुतेक वेळा आपली साइट नक्की कोणाकोणाच्या हातात आहे हेच माहीत नसतं. एका साध्या साइटमागेही पाच वेगळे घटक असतात. रजिस्ट्री ही डॉट कॉम, डॉट ऑर्ग अशा एखाद्या शेपटाची मूळ नोंदवही सांभाळते. रजिस्ट्रारकडे पैसे भरून तुम्ही त्या वहीत आपलं नाव लावता. डीएनएस देणारी सेवा त्या नावाला सर्व्हरचा पत्ता जोडते. होस्टिंगवर साइटच्या फाइल्स असतात. आणि मेलची सेवा वेगळी असू शकते. कधी हे सगळं एकाच कंपनीकडे असतं, कधी पाच ठिकाणी विखुरलेलं.

एक कागद घ्या आणि प्रत्येक घटकासमोर कंपनीचं नाव, लॉगिनचा ईमेल आणि मुदत कधी संपते ते लिहा. पासवर्ड या कागदावर लिहू नका.

मग डोमेनची सार्वजनिक नोंद पाहा. डॉट कॉमसारख्या सर्वसाधारण शेपटांसाठी ही नोंद दाखवणाऱ्या जुन्या ‘हूइज’ पद्धतीची जागा 28 जानेवारी 2025 पासून अधिकृतपणे ‘आरडॅप’ने घेतली आहे. डोमेनचे नियम ठरवणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या संकेतस्थळावर लुकअपची (नोंद शोधण्याची) सोय आहे, तिथं आपलं डोमेन टाकलं की रजिस्ट्रार, मुदत संपण्याची तारीख, डोमेनची स्थिती आणि नेमसर्व्हर (डीएनएसच्या नोंदी ठेवणारे सर्व्हर) दिसतात. मालकाचं नाव बहुधा झाकलेलं असेल. मे 2018 मध्ये युरोपचा डेटा संरक्षण कायदा लागू झाला, तेव्हापासून ही माहिती सहसा उघडी ठेवली जात नाही, आणि ते चांगलंच आहे.

मालक म्हणून कोणाचं नाव लागलंय ते रजिस्ट्रारच्या खात्यात आत जाऊन बघा. साइट एखाद्या मित्रानं किंवा डिझायनरनं करून दिली असेल, तर डोमेन त्याच्या नावावर, त्याच्या खात्यात असण्याची शक्यता मोठी आहे. त्याची नियत साफ असेलही. पण रजिस्ट्रारच्या लेखी मालक तोच, आणि भांडण झालं, संपर्क तुटला किंवा त्याचं स्वतःचं खातं कोणी लुबाडलं, तर तुमच्याकडे दाखवायला काही नसतं. हे आज, संबंध चांगले असताना, स्वतःच्या खात्यात हलवून घ्या. बाकीचं सगळं यानंतर.

पायरी 2: ईमेल

रजिस्ट्रारच्या खात्याला जो ईमेल जोडलाय तो त्याच डोमेनवरचा नसावा. या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. डोमेन बंद पडलं किंवा चोरीला गेलं की त्यावरचा मेलही त्याच क्षणी जातो. रजिस्ट्रार खात्री पटवायला जो कोड पाठवेल तो मग तुमच्यापर्यंत पोहोचणार नाही, कदाचित चोरापर्यंत पोहोचेल. त्यामुळे रजिस्ट्रार, डीएनएस आणि होस्टिंग या तिन्हींसाठी दुसऱ्या, भरवशाच्या मेल सेवेवरचा पत्ता वापरा. शक्य असेल तर फक्त याच कामासाठी एक वेगळा पत्ता काढा आणि तो कुठंही जाहीर करू नका.

त्या मेलबॉक्सचा पासवर्ड पासवर्ड मॅनेजरकडून तयार करून घ्या. लांब हवा आणि दुसरीकडे कुठंही वापरलेला नको. दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलण्याचा जुना सल्ला विसरा. अमेरिकेच्या निस्ट या प्रमाणसंस्थेनं 2017 च्या मार्गदर्शनातच अशी सक्ती करू नका म्हणून सांगितलं, कारण सक्तीनं बदलायला लावलं की माणसं जुन्याच पासवर्डच्या शेवटी एक आकडा वाढवतात. पासवर्ड फुटल्याची शंका आली तर मात्र लगेच बदला.

पासवर्डनंतरचा दुसरा टप्पा (टू-फॅक्टर) म्हणून पासकी, म्हणजे फोनमध्ये किंवा संगणकात साठवलेली डिजिटल किल्ली, किंवा हार्डवेअर सुरक्षा किल्ली सगळ्यांत चांगली, कारण ती खऱ्या साइटचा पत्ता स्वतः तपासते. हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या पानावर ती चालतच नाही. ते जमत नसेल तर दर तीस सेकंदांनी आकडे बदलणारं ऑथेंटिकेटर ॲप वापरा. एसएमएसवरचा ओटीपी मी शेवटचा पर्याय मानतो. मोबाइल कंपनीला फसवून तुमच्या नंबरचं दुसरं सिम काढणं हा चोरांचा जुना धंदा आहे. तरी दुसरं काहीच उपलब्ध नसेल, तर काहीच नसण्यापेक्षा एसएमएस बरा.

टू-फॅक्टर चालू करताना मिळणारे रिकव्हरी कोड छापून घरात सुरक्षित ठेवा. फोन हरवला की खात्यात परत शिरायचा तोच रस्ता उरतो, आणि नेमका तोच घाईत दुर्लक्षिला जातो.

मेलबॉक्समध्ये आणखी दोन जागा बघा. एक, फॉरवर्डिंग आणि फिल्टरचे नियम. मेलमध्ये शिरलेला चोर बऱ्याचदा ‘या कंपनीकडून आलेला मेल परस्पर दुसरीकडे पाठव आणि इथून काढून टाक’ असा नियम लावून ठेवतो. पासवर्ड बदलला तरी तो नियम तसाच राहतो. दोन, खातं परत मिळवण्यासाठी दिलेला पर्यायी ईमेल आणि फोन नंबर. तिथं कॉलेजच्या दिवसांतला, आता बंद पडलेला पत्ता असेल तर काढून टाका.

पायरी 3: रजिस्ट्रारचं खातं

इथंही टू-फॅक्टर आधी. रजिस्ट्रार ते देतच नसेल तर रजिस्ट्रार बदला. डोमेन स्वस्त मिळालं म्हणून तिथं थांबू नका.

त्यानंतर ट्रान्सफर लॉक, म्हणजे डोमेन हलवण्यावरचं कुलूप. आरडॅपच्या नोंदीत स्थितीपुढे ‘क्लायंट ट्रान्सफर प्रोहिबिटेड’ दिसलं की कुलूप लागलेलं आहे. ते लागलेलं असताना डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवता येत नाही. डोमेन खरोखर हलवायचं असेल तेव्हाच कुलूप काढा, ऑथ कोड (डोमेन हलवायच्या परवानगीचा गुप्त कोड) घ्या आणि तो कोड कोणालाही मेलवर किंवा चॅटवर पाठवू नका. डोमेन नवीन नोंदवलं किंवा नुकतंच हलवलं असेल तर सर्वसाधारण शेपटांसाठी पुढचे 60 दिवस ते पुन्हा हलवता येत नाही. ही अडवणूक वाटली तरी ती तुमच्याच बाजूची आहे.

पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषेच्या ‘पर्ल डॉट कॉम’ या साइटचं डोमेन जानेवारी 2021 मध्ये चोरीला गेलं. ते सांभाळणाऱ्यांना नंतर जे कळलं त्यावरून त्यांचा अंदाज असा, की रजिस्ट्रारला फसवून खात्याचा ताबा सप्टेंबर 2020 मध्येच घेतला गेला होता. चोरानं डोमेन हलवण्यावरची बंदीची मुदत जाईपर्यंत वाट पाहिली, डिसेंबरमध्ये डोमेन दुसरीकडे हलवलं आणि साइट प्रत्यक्ष बदलली जानेवारीत. फेब्रुवारीच्या सुरुवातीला डोमेन परत मिळालं, पण त्यामागे जाणत्या लोकांचा मोठा गोतावळा होता. आपल्यासारख्या एकट्या साइटवाल्यानं यातून घ्यायची गोष्ट म्हणजे चोरी आणि तिचा परिणाम यांत महिने जाऊ शकतात. म्हणून महिन्यातून एकदा आरडॅपची नोंद उघडून रजिस्ट्रार, नेमसर्व्हर आणि स्थिती कागदावरच्या नोंदीशी ताडून बघा. एक मिनिटाचं काम आहे.

आता मुदतीबद्दल. डोमेन कायमचं विकत मिळत नाही. एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी ते तुमच्या नावावर राहतं. चोरीपेक्षा मुदत संपून गेलेली डोमेनं कितीतरी अधिक असावीत असं मला वाटतं, आणि यातून मोठेही सुटलेले नाहीत. डिसेंबर 1999 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या ‘पासपोर्ट डॉट कॉम’चं शुल्क भरायचं राहिलं आणि हॉटमेलच्या लोकांना लॉगिन करता येईना. एका भल्या प्रोग्रॅमरनं स्वतःच्या खिशातून 35 डॉलर भरले तेव्हा गाडी रुळावर आली.

आयकॅनच्या नियमांनुसार सर्वसाधारण शेपटांसाठी रजिस्ट्रारनं मुदतीच्या साधारण महिनाभर आधी, साधारण आठवडाभर आधी आणि मुदत संपल्यावर पाच दिवसांच्या आत अशी आठवण पाठवायची असते. ती जुन्या, न पाहिल्या जाणाऱ्या पत्त्यावर गेली तर उपयोग शून्य. मुदत संपल्यानंतर रजिस्ट्रारनुसार काही दिवसांची सवलत मिळते, ती फार तर 45 दिवसांपर्यंत, पण ती मिळेलच असं धरून चालू नका. त्यानंतर 30 दिवसांचा ‘रिडेम्प्शन’ काळ असतो. त्यात डोमेन परत मिळतं, पण नेहमीच्या शुल्काच्या कितीतरी पट दंड भरून. मग पाच दिवस ‘पेंडिंग डिलीट’, आणि त्यानंतर ते कोणालाही घेता येतं. जुनी, लिंक असलेली नावं मोकळी होण्याची वाट पाहत प्रोग्रॅम बसलेले असतात. सेकंदाच्या आत ती उचलली जातात. देशांच्या शेपटांचे नियम वेगळे असतात, तुमच्या शेपटाचे रजिस्ट्रीच्या पानावर वाचून घ्या.

त्यामुळे ऑटो-रिन्यू चालू ठेवा, आणि कार्डाची मुदत डोमेनच्या आधी संपत नाही ना ते बघा. ऑटो-रिन्यू फसण्याचं नेहमीचं कारण तेच असतं. परवडत असेल तर काही वर्षांचं शुल्क एकदम भरा. आणि तारीख स्वतःच्या कॅलेंडरमध्येही टाका.

खात्यातली संपर्काची माहिती खरी ठेवा. गोपनीयतेसाठी लोक खोटा फोन नंबर, खोटा पत्ता भरतात. ते करू नका, कारण रजिस्ट्रार पाठवतो तो पडताळणीचा मेल 15 दिवसांत पुरा केला नाही तर डोमेन थांबवलं जाऊ शकतं, आणि वादाच्या वेळी खोट्या माहितीवर मालकी सिद्ध करता येत नाही. माहिती लपवायची असेल तर प्रायव्हसीची सोय वापरा.

आठवणीच्या नावाखाली येणारे खोटे मेल तर ठरलेलेच. ‘तुमचं डोमेन आज बंद होणार, इथं पैसे भरा’ असं काही आलं की लिंकवर जाऊ नका. पत्ता हातानं टाइप करून किंवा बुकमार्कमधून खात्यात शिरा आणि तारीख तिथं बघा.

रजिस्ट्रार विकलेही जातात. 2023 मध्ये गूगलनं आपला डोमेनचा व्यवसाय स्क्वेअरस्पेसला विकल्याचं जाहीर केलं आणि लाखो नावं एका कंपनीकडून दुसरीकडे गेली. असं तुमच्या बाबतीत झालं तर नव्या ठिकाणी पहिल्याच दिवशी लॉगिन करा आणि टू-फॅक्टर, लॉक, ऑटो-रिन्यू या तिन्ही गोष्टी पुन्हा तपासा. जुन्या सेटिंग्ज जशाच्या तशा आल्या असतील असं गृहीत धरू नका.

अजून डोमेन घेतलंच नसेल तर शेपूट विचार करून निवडा. दोन अक्षरी शेपटं ही कुठल्या ना कुठल्या देशाची किंवा प्रदेशाची असतात आणि तिथल्या नियमांवर चालतात. युगोस्लाव्हियाचं डॉट वाययू 2010 मध्ये कायमचं बंद झालं. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर तिथल्या अनेकांना डॉट ईयू नावांवर पाणी सोडावं लागलं. फुकट मिळणाऱ्या शेपटांपासून तर लांबच राहा.

आणि डोमेन नकोसं झालं तर? त्यावर कधीही ईमेल चालवला असेल, तर सोडण्याआधी प्रत्येक खात्यातला पत्ता बदला आणि तरीही काही वर्षं शुल्क भरत राहा. सीटीएक्सची गोष्ट आठवा. एखादं विसरलेलं खातं पाच वर्षांनीही तुमच्याच नावानं उघडता येतं.

पायरी 4: डीएनएस

जानेवारी 2019 मध्ये अमेरिकेच्या सीसा या सायबर सुरक्षा संस्थेनं तिथल्या सरकारी खात्यांना तातडीचा आदेश काढला. हल्लेखोर डीएनएसच्या खात्यात शिरून नोंदी बदलत होते आणि मग त्या नावासाठी खरंखुरं सर्टिफिकेटही मिळवत होते. आदेशात चार कामं सांगितली होती: डीएनएसच्या नोंदी तपासा, त्या खात्यांचे पासवर्ड बदला, टू-फॅक्टर लावा आणि सर्टिफिकेटच्या नोंदींवर लक्ष ठेवा. सरकारसाठी दिलेला हा सल्ला एका माणसाच्या साइटलाही तसाच्या तसा लागू पडतो.

डीएनएसच्या पानावर जा आणि सगळ्या नोंदी एका फाइलमध्ये उतरवून ठेवा; बहुतेक सेवा एक्सपोर्टची सोय देतात. मग एकेक ओळ वाचा आणि विचारा, ही कशासाठी? ‘ए’ नोंद नावाला सर्व्हरचा आकडी पत्ता देते, ‘सीनेम’ एका नावाला दुसऱ्या नावाकडे वळवते, ‘एमएक्स’ मेल कुठं जायचा ते सांगते, ‘टीएक्सटी’मध्ये मालकी पडताळण्याचे आणि मेलच्या परवानगीचे मजकूर असतात.

उत्तर सापडत नसलेल्या नोंदी धोक्याच्या. समजा तुम्ही कधीतरी ‘शॉप’ नावाचं सबडोमेन (डोमेनच्या आधी टिंब देऊन जोडलेलं उपनाव) एका दुकानसेवेकडे सीनेमनं वळवलं, नंतर त्या सेवेतलं खातं बंद केलं, पण सीनेम तसाच राहिला. आता दुसरा कोणी त्या सेवेत खातं काढून तुमच्या सबडोमेनवर दावा सांगू शकतो. सेवा पडताळणीत ढिली असेल तर तुमच्या नावाखाली त्याचं पान दिसू लागतं. पत्त्याच्या पट्टीत तुमचं डोमेन, सर्टिफिकेटही वैध, आणि पानावर लॉगिनचा खोटा फॉर्म. याला सबडोमेन टेकओव्हर म्हणतात आणि हल्लेखोर अशी लोंबकळती नावं यंत्रं लावून शोधत असतात. साधा नियम पाळा: सेवा बंद करताना आधी डीएनएसमधली नोंद काढा, मग खातं बंद करा. उलट क्रमानं नको.

मेलकडे येऊ. ईमेलमध्ये पाठवणाऱ्याचा पत्ता कोणीही काहीही लिहू शकतो. तुमच्या नावानं भलत्याच लोकांना मेल जाऊ नये म्हणून तीन नोंदी आहेत. एसपीएफ सांगतो, या डोमेनच्या वतीनं कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात. डीकेआयएम प्रत्येक मेलवर डिजिटल सही करतो. डीमार्क सांगतो की पाठवणाऱ्याचा दिसणारा पत्ता या दोन्हींपैकी एकाशीही जुळला नाही तर मेलचं काय करायचं, आणि त्याचा अहवाल कुठं पाठवायचा. फेब्रुवारी 2024 पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणात मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही बंधनकारक केले आहेत. तुम्ही दिवसाला चार मेल पाठवत असाल तरी ते स्पॅममध्ये पडू नयेत म्हणून या नोंदी हव्यातच. डीमार्क सुरू करताना धोरण ‘नन’ (काही करू नका) ठेवा, काही आठवडे अहवाल वाचा, तुमचे खरे मेल सगळे पास होतायत याची खात्री झाली की ‘क्वारंटाइन’ (स्पॅममध्ये टाका) आणि मग ‘रिजेक्ट’ (नाकारा) करा. थेट रिजेक्ट लावलं तर स्वतःचेच मेल अडण्याची शक्यता असते.

डोमेनवर मेल चालवतच नसाल, तर मात्र पहिल्या दिवसापासून कडक राहा: एसपीएफमध्ये कोणालाच परवानगी नाही, डीमार्क रिजेक्ट, आणि एमएक्सच्या जागी प्राधान्य 0 व पत्ता म्हणून फक्त एक टिंब. मोकळी पडलेली डोमेनं खोट्या मेलसाठी आयती सापडतात.

सीएए नावाची एक छोटी नोंदही टाका. तिच्यात कोणत्या संस्थेनं तुमच्या नावाचं सर्टिफिकेट द्यावं ते लिहायचं असतं. सप्टेंबर 2017 पासून सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थांना ही नोंद बघावीच लागते. डीएनएसचं खातंच चोराच्या हातात गेलं तर तो ही नोंदही बदलेल, म्हणून हिला पहिली तटबंदी समजू नका.

डीएनएसएसईसी हे डीएनएसच्या उत्तरांवर सही करण्याचं तंत्र. इंटरनेटच्या मूळ झोनवर, म्हणजे सगळ्या शेपटांच्या मुख्य यादीवर, ती सही जुलै 2010 पासून आहे. वाटेत कोणी खोटं उत्तर घुसवलं तर ते यामुळे पकडलं जातं. रजिस्ट्रार आणि डीएनएस एकाच ठिकाणी असतील तर ते एका बटणावर चालू होतं, जरूर करा. दोन वेगळ्या ठिकाणी असतील तर ‘डीएस’ नावाची नोंद हातानं रजिस्ट्रारकडे द्यावी लागते. पुढे कधी डीएनएसची सेवा बदलायची झाली तर आधी ती डीएस नोंद काढा, एक-दोन दिवस थांबा आणि मगच नेमसर्व्हर बदला. हे विसरलात तर सही जुळत नाही आणि सह्या तपासणाऱ्या सगळ्यांसाठी तुमची साइट व मेल एकदम गायब होतात. हा क्रम पाळणं जमेल असं वाटत नसेल तर डीएनएसएसईसी शिवाय राहिलात तरी चालेल. टू-फॅक्टरशिवाय मात्र चालणार नाही.

पायरी 5: सर्टिफिकेट

एचटीटीपीएस, म्हणजे वाचक आणि साइट यांच्यातली सर्टिफिकेटवर चालणारी सुरक्षित जोडणी, आता जवळपास सगळीकडे आपोआप मिळतं. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची फुकट सर्टिफिकेटं वर्षानुवर्षं 90 दिवसांची राहिली आहेत आणि ठरलेल्या वेळापत्रकानुसार मार्च 2029 पासून कुठल्याही सार्वजनिक सर्टिफिकेटची कमाल मुदत 47 दिवसांवर येणार आहे. हातानं नूतनीकरण करायचा काळ संपला, स्वयंचलित सोय नसेल तर ती आजच करा. जून 2025 पासून लेट्स एन्क्रिप्टनं मुदत संपत आल्याचे मेल पाठवणंही बंद केलंय, म्हणून सर्टिफिकेटवर लक्ष ठेवणारी एखादी स्वतंत्र सेवा लावा.

सर्टिफिकेटच्या सार्वजनिक नोंदवह्या असतात. तिथं आपलं डोमेन शोधलं की त्या नावावर आजवर कोणती सर्टिफिकेटं निघाली ते दिसतं. तुम्ही न मागितलेलं एखादं दिसलं तर तो गंभीर इशारा समजा. फक्त होस्टिंग किंवा मध्ये बसलेली वेगवाढीची सेवा तुमच्या वतीनं काढते तीही तिथं दिसतात, घाबरून जाण्याआधी ते पडताळा.

एचएसटीएस ही ब्राउझरसाठीची सूचना साइटवर लावल्यावर ब्राउझर तुमच्या साइटवर फक्त सुरक्षित मार्गानंच जातो. आधी थोड्या मुदतीनं लावून बघा. ब्राउझरमध्ये आधीच भरलेल्या ‘प्रीलोड’च्या यादीत घाईनं नाव देऊ नका, त्यातून बाहेर यायला महिने लागतात.

पायरी 6: प्रत्यक्ष साइट

साइटवर फक्त लेख आणि फोटो असतील तर स्थिर पानांची साइट करा. डेटाबेस नाही, लॉगिनचं पान नाही, त्यामुळे हल्ल्याला जागाच थोडी उरते.

वर्डप्रेस (साइट चालवायची तयार प्रणाली) असेल तर धोका बहुतेक वेळा प्लगइन आणि थीममधून येतो, मूळ वर्डप्रेसमधून क्वचित. ऑगस्ट 2020 मधल्या 5.5 आवृत्तीपासून प्लगइन आपोआप अपडेट करण्याची सोय आतच आहे, ती चालू करा. वापरात नसलेलं प्लगइन नुसतं निष्क्रिय करू नका, पूर्ण काढा. निष्क्रिय प्लगइनच्या फाइल्स सर्व्हरवर राहतात आणि काही वेळा थेट उघडता येतात. पैसे देऊन घ्यायची थीम फुकट देणाऱ्या साइटवरून कधीही घेऊ नका, त्यात बहुधा चोरदरवाजा असतो. रोजच्या लिखाणासाठी संपादकाचं खातं वापरा आणि ॲडमिनचं खातं फक्त देखभालीला.

फाइल्स चढवायला साध्या एफटीपीऐवजी एसएफटीपी हा सुरक्षित मार्ग वापरा. सर्व्हरच्या सार्वजनिक फोल्डरमध्ये जुन्या बॅकअपची झिप, पासवर्ड असलेली सेटिंगची फाइल किंवा गिटचं (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनाचं) लपलेलं फोल्डर पडलेलं नाही ना ते बघा. हे शोधणारी यंत्रं दिवसरात्र फिरत असतात.

बाहेरून आणलेल्या स्क्रिप्टबद्दल (वाचकाच्या ब्राउझरमध्ये चालणाऱ्या कोडबद्दल) काटकसर करा. पॉलीफिल डॉट आयओ या साइटची स्क्रिप्ट जगभर वापरात होती. 2024 च्या सुरुवातीला डोमेनचे मालक बदलले आणि जूनमध्ये त्या स्क्रिप्टमधून घातक कोड जात असल्याचं उघड झालं. एक लाखाहून जास्त साइट्सच्या वाचकांना त्याची झळ लागू शकत होती, आणि त्या साइटवाल्यांनी आपल्या बाजूनं एक अक्षरही बदललेलं नव्हतं. फाँट, आकडेमोजणी, चॅटची खिडकी, जे जे लागतंच असं नाही ते काढा. लागतं ते स्वतःच्या सर्व्हरवर ठेवा.

पायरी 7: बॅकअप

तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. होस्टिंगनं घेतलेला बॅकअप मोजू नका, कारण खातं गेलं की तोही जातो. फाइल्ससोबत डेटाबेस आणि डीएनएसच्या नोंदींची फाइलही ठेवा. आणि वर्षातून एकदा तो बॅकअप रिकाम्या जागेवर खरोखर उभा करून बघा. न उघडलेल्या बॅकअपवर माझा विश्वास नाही.

डोमेन गेलंच तर

आधी ईमेल खातं सुरक्षित करा: दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून पासवर्ड बदला, सगळी जुनी सत्रं (इतर उपकरणांवर उघडी राहिलेली लॉगिन) बंद करा, फॉरवर्डिंगचे नियम काढा. मेल चोराच्या हातात असताना रजिस्ट्रारशी केलेला पत्रव्यवहार तोही वाचत असतो.

मग तुमच्या मूळ रजिस्ट्रारला फोन करा आणि सोबत लेखीही कळवा. फसवणूक आणि डोमेनचोरी हाताळणारा विभाग मागा. डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे गेलं असेल तर रजिस्ट्रारांचा आपापसात तातडीचा संपर्कमार्ग असतो. तो तुम्हाला थेट वापरता येत नाही, पण तुमच्या रजिस्ट्रारला ‘तो वापरा’ असं स्पष्ट सांगता येतं. बऱ्याच जणांना हे ठाऊकच नसतं आणि पहिले मोलाचे तास साध्या तक्रारीच्या फॉर्मवर जातात. रजिस्ट्रार दाद देत नसेल तर आयकॅनकडे तक्रार करा. पोलिसांकडेही नोंदवा, त्या तक्रारीची प्रत पुढे पुरावा म्हणून लागते.

पुराव्यासाठी पावत्या, नोंदणीचे जुने मेल, आरडॅपच्या नोंदीची तारखेसह छायाचित्रं आणि पायरी 1 मधला कागद काढा. त्या डोमेनवरचा पत्ता जिथं दिलाय अशा खात्यांत, बँक आणि मुख्य मेलपासून सुरुवात करून, पत्ता बदलत जा. डोमेन परत मिळेपर्यंत थांबू नका. वाचकांना आणि ओळखीच्यांना दुसऱ्या मार्गानं कळवा की सध्या त्या नावावरून आलेल्या मेलवर विश्वास ठेवू नये.

डोमेन परत आलं की साइट लगेच चालू करू नका. नेमसर्व्हर आणि डीएनएसची प्रत्येक नोंद जतन केलेल्या फाइलशी ताडा, मधल्या काळात निघालेली सर्टिफिकेटं रद्द करून घ्या, रजिस्ट्रारच्या खात्यात अनोळखी वापरकर्ता किंवा एपीआयची किल्ली (एखाद्या प्रोग्रॅमला खात्यात शिरू देणारा कोड) राहिलेली नाही ना ते बघा, आणि मगच ट्रान्सफर लॉक लावून साइट उघडा.